सुई टोचली, पण सांगायचं कुणाला?

‘इंटर्नशिप सुरू होऊन पंधरा दिवस झाले. एवढं मोठं सरकारी रुग्णालय आणि मला साधी सलाइनसुद्धा धड लावता येत नाही. मी चुकीच्या ठिकाणी आले का?’ नवी बॅच वॉर्डात आली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. उत्तर म्हणून मुक्ताची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने, नाव आणि ओळखीचे तपशील बदलून.

झोप लागत नाही म्हणून ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. लहान गावातली, घरातली पहिली डॉक्टर. मेडिसिनच्या वॉर्डात पहाटेचं ब्लड कलेक्शन तिच्याकडे होतं. बोलता बोलता ती सारखी डाव्या हाताचं बोट चोळत होती. मी विचारलं, तेव्हा आधी गप्प राहिली.

“मॅडम, काल पहाटे सुई टोचली. टोपण परत लावायला गेले आणि...”

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. आधीच दोनदा शीर चुकली होती. वर हेही सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला काहीच येत नाही.”

मी घड्याळ पाहिलं. तीस तास उलटून गेले होते. अशा वेळी एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करायची असतात. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बोलणं तिथेच थांबवून मी तिच्याबरोबर कॅज्युअल्टीत गेले. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरने “कधी टोचली?” एवढंच विचारलं आणि पहिला डोस दिला. पुढे ज्याचं रक्त घेताना ती सुई वापरली होती त्या पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, औषधं थांबली. हिपॅटायटिस बीच्या लशीचा राहिलेला डोसही तिने घेतला.

त्यानंतरच आमचं खरं काम सुरू झालं. साडेचार वर्षं या मुलांनी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, दिलेल्या असतात. तिथे ‘माहीत नाही’ म्हटलं की मार्क जातात, म्हणून न येणारं झाकायची सवय अंगात मुरते. वॉर्डात मात्र तीच सवय पेशंटच्या आणि तुमच्या जिवावर उठू शकते. मला या मुलांची काळजी वाटते ती इथे. सलाइन लावायला चार आठवड्यांत कुणीही शिकतं.

काही वरिष्ठ ओरडतात, हे मी नाकारत नाही. पण रोज ठरवून अपमान होत असेल तर ते शिकवणं नव्हे, रॅगिंग आहे. त्याची तक्रार 1800-180-5522 वर करता येते. आणि रात्री मन फारच खचलं तर 14416 ही टेलिमानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची, सेवा चोवीस तास चालू असते.

मुक्ताबरोबर मी एकच वाक्य घोटून घेतलं, “सिस्टर, मी हे एकटीने केलेलं नाही, जवळ उभ्या राहाल?” पहिल्या भेटीत ते तिच्या तोंडून निघेना. दुसऱ्या भेटीत निघालं, पण डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या आजींचं रक्त घ्यायचं होतं, शिरा अगदी बारीक. तिने ते वाक्य म्हटलं. सिस्टर हातातलं रजिस्टर ठेवून आल्या, तिचं बोट धरून आजींच्या कोपरावर टेकवलं आणि म्हणाल्या, “डोळ्यांनी नको शोधूस गं. इथे दाबून बघ, उसळतेय ना?”