बागेत लॅपटॉप उघडण्याआधी

प्रिय,

घरच्या चार भिंतींना कंटाळून आठवड्यातले दोन-तीन दिवस बागेत बसून काम करायचं ठरवलंस, हे बरं केलंस. पॉवर बँक कुठली घेऊ, असं विचारलं आहेस. ते सांगतोच, पण बागेतल्या कामाचा विचका बॅटरीआधी उजेड करतो, म्हणून आधी उजेडाचं.

ऑफिसच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड मोजायचं माप). निरभ्र दुपारी सावलीतसुद्धा तो दहा हजारांच्या आसपास जातो आणि थेट उन्हात लाखाच्या घरात. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण उजळ केला तरी ३०० ते ४०० निट्स (स्क्रीनच्या स्वतःच्या उजळपणाचं माप) देतो, म्हणजे उन्हात त्याचा निभाव लागणं शक्यच नाही. त्यातून चकचकीत काच समोरून आलेला जवळजवळ चार टक्के उजेड परत फेकते. चार टक्के किरकोळ वाटतात. पण अंगात पांढरा शर्ट असेल आणि त्यावर ऊन पडत असेल, तर त्या शर्टाचं नुसतं प्रतिबिंबच हजार निट्सच्या जवळ जातं. मग अक्षरांऐवजी शर्टाची बटणं दिसतात. बागेत जाताना गडद रंगाचे कपडे घाल आणि पाठीमागे भिंत, दाट कुंपण असं काहीतरी काळपट येईल अशा बेताने बस. पाठीशी मोकळं आकाश नको.

जागा पक्की करण्याआधी लॅपटॉप चालू न करता नुसता उघडून मांडीवर धर. काळ्या स्क्रीनमध्ये फांद्या, आकाश, तुझा चेहरा, जे काही दिसेल तेच पुढचे दोन तास अक्षरांवर पसरलेलं असणार. ते सहन होणार नसेल तर बाक बदल. डार्क मोड बाहेर उपयोगाचा नाही, कारण काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेव आणि ती सव्वापट मोठी कर. पोलराइज्ड गॉगल लावलास तर काही स्क्रीन एका विशिष्ट कोनात जवळजवळ काळे पडतात. लॅपटॉप बिघडला असं समजून घाबरू नकोस, मान जरा तिरकी करून बघ.

आता सावली. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सावलीत बसलेला माणूस तासाभरात उन्हात येतो. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला लांब पडलेली असते आणि जसजसं ऊन चढतं तसतशी ती खोडाकडे सरकते. म्हणून सकाळी सावलीच्या खोडाकडच्या कडेला बसावं. दुपारनंतर उलटं होतं, सावली पूर्वेकडे लांबत जाते, तेव्हा बाहेरची कड धरावी. यापेक्षाही भरवशाची सावली इमारतीची. तिच्या पश्चिमेच्या बाजूला सकाळ निघते, पूर्वेच्या बाजूला दुपार. विरळ पानांच्या झाडाखालचे कवडसे फोटोत छान दिसतात, कामाला मात्र वैताग. वारा आला की कीबोर्डवर आणि स्क्रीनवर ऊन-सावली नाचते आणि डोळ्यांना क्षणाक्षणाला जुळवून घ्यावं लागतं. अर्ध्या तासात डोकं चढतं.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. बऱ्याच लॅपटॉपना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच चालतं. मांडीवर, त्यात उशीवर ठेवला की खालच्या झरोक्यांतून हवा जात नाही, मग तो स्वतःहून वेग कमी करतो आणि आपण नेटला शिव्या देतो. खाली पातळ लाकडी फळी किंवा कडक पुठ्ठ्याची फाइल घे. हॉटस्पॉट चालू असलेला फोन खिशात किंवा उन्हात ठेवू नकोस. तापला की आधी त्याचा उजेड मंदावतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी तो बंद पडतो, आणि नेमका मीटिंगच्या मध्यात.

पॉवर बँकेचा हिशेब असा. डब्यावरचा २०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे ३.७ व्होल्टचा असतो. गुणाकार करून हजाराने भागलं की ७४ वॉट-तास येतात. व्होल्टेज बदलताना काही वाया जाऊन हातात ६० च्या आसपास पडतात. पूर्ण उजेडावर साधं काम करणारा लॅपटॉप १२ ते १५ वॉट खातो, म्हणजे चारेक तास जादा. पण एमएएचच्या आधी बघायचं ते पीडी (पॉवर डिलिव्हरी) आउटपुट, म्हणजे बँक एका वेळी किती वॉट देऊ शकते ते. ते किमान ४५ वॉट हवं आणि यूएसबी-सी तारही तेवढं पेलणारी हवी. फोनसाठीची १० वॉटची बँक लॅपटॉपला लावलीस, तर बहुतेक लॅपटॉप तिची दखलही घेत नाहीत.

नेट तपासायचं ते ज्या वेळी काम करणार त्याच वेळी. संध्याकाळी बाग भरली की तोच टॉवर शेकडो फोनांत वाटला जातो. डाउनलोडचा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस, व्हिडिओ कॉल अडतो तो अपलोडवर. तिथे स्थिर ३ एमबीपीएस मिळत असेल तर पुरे. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला एक जीबी किंवा त्याहून जास्त डेटा जातो, नुसत्या आवाजाला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. ओली दाट पालवी सिग्नल खाते, त्यामुळे पावसानंतर कालचीच जागा आज दगा देऊ शकते. तारेने जोडलेला हॉटस्पॉट जास्त स्थिर असतो, पण फोन तेव्हा लॅपटॉपमधूनच चार्ज होतो, हे बॅटरीच्या हिशेबात धर.

कॉल शक्यतो बागेत ठेवूच नकोस. वाऱ्याचा फडफडाट माइकच्या तोंडाशीच तयार होतो, त्यामुळे आवाज गाळणारं सॉफ्टवेअर तिथे फार काही करू शकत नाही. घ्यावाच लागला तर माइकला स्पंजची टोपी असलेला वायरचा हेडसेट वापर आणि वाऱ्याकडे पाठ कर. पलीकडच्या बाकावरचे आजोबा सगळं ऐकत असतात, तेव्हा ग्राहकाचं नाव आणि रकमा उच्चारायच्या नाहीत.

बाक ४५ सेंटिमीटर उंचीचा, समोर टेबल नाही, त्यामुळे मान वाकतेच. मांडीवर भरलेली बॅग आडवी ठेवून त्यावर फळी ठेवली की स्क्रीन दहा-बारा सेंटिमीटर वर येतो. तरी ४५ मिनिटांनी उठ. सुटी खुर्ची मिळाली तर बाकाकडे बघूही नकोस. न्यू यॉर्कमधल्या सार्वजनिक जागांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी नोंदवलं होतं, की माणसं बसण्याआधी खुर्ची थोडी तरी हलवतातच, अगदी काही इंच का होईना. तुला तर ती सावलीमागे हलवायचीच आहे.

सामान इतकंच ने, की दोन मिनिटांत सगळं बॅगेत जाईल. स्वच्छतागृहात जाताना शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगायचं नाही, बॅग बरोबर न्यायची. दुपारी फाटक बंद होतं का, झाडांना पाणी कधी सोडतात, हे माळ्याला विचार. त्याच्याइतकं बागेचं वेळापत्रक कुणालाच माहीत नसतं.

आणि कामं निवडून ने. लांबलचक मजकूर वाचणं, कच्चा खर्डा लिहिणं, दुसऱ्याचं काम तपासणं बागेत उत्तम होतं. रंग जुळवणं, दोन स्क्रीन लागणारे तक्ते आणि ज्यात चूक झाली तर लगेच दुरुस्त करावी लागते असलं काही घरीच. सुरुवातीला अडीच तासांच्या वर बसू नकोस.

तुझा,
जुना सहकारी

ता. क. बसण्याआधी बाकावर हात फिरवून दव आहे का बघ आणि मग वर फांदीकडे बघ. बाकावर पांढरे डाग एकाच टोकाला असतील, तर दुसऱ्या टोकाला बस.