तिशीत ठरवलेलं घर अठ्ठावन्नाव्या वर्षी बांधावं का?

कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"येत्या जूनमध्ये मी ५८ पूर्ण करून भोसरीतल्या कंपनीतून निवृत्त होतोय. ३३ वर्षं टूलरूममध्ये गेली. १९९८ साली पानशेतला सहलीला गेलो होतो, तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की निवृत्तीनंतर इकडे घर बांधून राहायचं. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट १९९९ मध्ये ५ लाख ७५ हजारांना घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आज ९५ लाखांचं गिऱ्हाईक आहे. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, पण दोन मीटिंगा होऊन गाडी तिथेच अडली. पानशेतच्या पुढे ११ गुंठे ३८ लाखांना मिळताहेत. एजंट म्हणतो, एनएची प्रक्रिया सुरू आहे, गुढीपाडव्यापर्यंत दोन लाख टोकन द्या. बांधकामाला ३४ लाख लागतील. पीएफ ४१ लाख, ग्रॅच्युइटी ८ लाख, एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून १४ लाख, ईपीएसचं पेन्शन महिना ४,८०० रुपये. घरखर्च ३८ हजार. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला असते. पत्नी ५४ वर्षांची आहे, तिचा डब्यांचा छोटा उद्योग आहे, महिन्याला सोळा हजार सुटतात. तो काय, तिकडेही करता येईल. फ्लॅट विकून प्लॉट घेऊ का?"

आधी टोकनचं सांगते, कारण तिथे घाई आहे. देऊ नका. "एनएची प्रक्रिया सुरू आहे" याचा अर्थ बिगरशेती परवानगी अजून मिळालेली नाही, आज ती शेतजमीन आहे. तुमच्या नावावर कुठे सातबारा असल्याचं पत्रात नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही; १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. त्यावर शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्याला आळा घालणारा तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहेच. अशा व्यवहारात बऱ्याचदा वीस-पंचवीस जणांची नावं एकाच सामाईक सातबाऱ्यावर चढतात, आणि मग आपले ११ गुंठे नेमके कुठले, हे तारेच्या कुंपणाखेरीज कुठेच लिहिलेलं नसतं. एनए आदेशाची प्रत, मंजूर ले-आउट, वेगळा सातबारा आणि रस्त्याची नोंद, या चार गोष्टी तुमच्या स्वतःच्या वकिलाने पाहिल्याशिवाय पैसे हलवू नका. एजंटने सुचवलेला वकील नको.

आता मूळ प्रश्न. तुमचे आकडे मी दोनदा मांडून पाहिले. फ्लॅटचे ९५ लाख आले आणि प्लॉट, घर, मुद्रांक, बोअरवेल, कुंपण, एक बरी गाडी असं सगळं धरून ८० लाख गेले, तर १५ उरतात. त्यात तुमचे ६३ लाख मिळवले की हाताशी ७८ लाख. आजचा घरखर्च त्यातून भागतो. भांडवली नफ्यावरचा करही फारसा छळणार नाही: तीन वर्षांत नवं घर बांधून झालं तर प्राप्तिकर कायद्यातल्या नव्या घराच्या सवलतीखाली बहुतेक नफा सुटेल, आणि फ्लॅट २००१ च्या आधीचा असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येईल. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायला मात्र विसरू नका.

तेव्हा पैसे नाहीत म्हणून थांबा, असं मी म्हणत नाही. माझी काळजी वेगळी आहे. हा निर्णय एकाच दिशेने जातो, आणि तो घेतलाय १९९८ सालच्या माणसाने.

मी १९९४ पासून लोकांना पैशांचं नियोजन करून देण्याचं हे काम करते. पहिल्या भेटीत माणूस "मला पुढे काय करायचंय" हे स्वतःच्या हाताने लिहितो, ते पान मी फायलीतून कधी काढत नाही. तिशीतल्या पानांवर शेत, प्रवास, पन्नाशीत निवृत्ती, स्वतःचं वर्कशॉप असं काय काय असतं. इतक्या वर्षांत त्या वयातल्या एकाही माणसाने "लिफ्ट" लिहिलेलं मला आठवत नाही. साठीनंतर जी माणसं नव्याने पान लिहितात, त्यातल्या निम्म्यांच्या पानावर लिफ्ट असते. डॉक्टर, शेजार आणि औषधाचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असावं, हे असतं. पहिलं पान खोटं नव्हतं. ते लिहिणाऱ्याचे गुडघे दुखत नव्हते आणि त्याचे आईवडील हिंडते-फिरते होते, एवढंच.

हे मी स्वतः फार महागात शिकले. २००४ साली मी आणि माझ्या नवऱ्याने मुळशीत ८ गुंठ्यांचा प्लॉट घेतला. कागद चोख होते, वेगळा सातबारा होता, आणि आमची जवळजवळ सगळी शिल्लक त्यात गेली. पन्नाशीला काम कमी करून तिकडे जायचं, असं ठरलं होतं. २०११ मध्ये सासूबाईंना पक्षाघात झाला. रुग्णालय, मग घरी दिवसरात्र बाई, फिजिओथेरपी. प्लॉट विकायला काढला तर गिऱ्हाईक यायला २२ महिने लागले, आणि हातात पडली ती जवळपास आमच्या खरेदीचीच किंमत. मधल्या काळात माझे दागिने तारण होते. जमीन वाईट नव्हती. पण आम्हाला पैसा हवा होता तेव्हा ती पैसा नव्हती. मुळशीला जाण्याची इच्छाही त्या दोन वर्षांत निघून गेली. सासूबाईंजवळ बसून मला कळलं की मला माणसांच्या हाकेच्या अंतरावरच राहायचंय. हे मला २००४ मध्ये कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तुमच्या बाबतीत परतीच्या वाटेचा हिशेब करू. दहा वर्षांनी, ६८ व्या वर्षी, कोथरूडला परत यावंसं वाटलं आणि किमती वर्षाला फक्त पाच टक्क्यांनी वाढल्या असं धरलं, तर हाच फ्लॅट १ कोटी ५५ लाखांच्या घरात असेल. त्यावर पुण्यात आजच्या दराने सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळजवळ ११ लाख. तोवर घरखर्चही वाढलेला असेल. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत ३८ हजारांचे ७६ हजार होतात, आणि ईपीएसचे ४,८०० मात्र तेवढेच राहतात. पानशेतच्या पुढचं घर त्या वेळी किती दिवसांत आणि कितीला विकलं जाईल, यावर तुमचं परतणं अवलंबून राहील.

आता पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, त्याकडे येते. "तो काय, तिकडेही करता येईल."

नाही येणार. वहिनींचे डबे कोथरूडमध्ये चालतात, कारण तिथे खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आहेत, दोघंही नोकरीला जाणारी जोडपी आहेत, एकटे राहणारे आजी-आजोबा आहेत. पानशेतच्या पुढे डबा कोण लावणार? महिन्याला १६ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ९२ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात. त्या दराने एवढं व्याज हवं असेल तर साडेतेवीस लाख रुपये गुंतवावे लागतील. तुमच्या मालमत्तेच्या यादीत हे साडेतेवीस लाख कुठेच नाहीत. आणि मुदत ठेवीचं व्याज वाढत नाही, डब्याचा दर वाढवता येतो. त्या ५४ च्या आहेत. अजून आठ-दहा वर्षं हे काम करण्याची त्यांची इच्छा असेल, तर तो तुमच्या निवृत्तीचा एक खांब आहे, आणि तुम्ही तो न मोजताच काढायला निघालात.

पैशांपलीकडेही एक गोष्ट आहे. १९९८ मध्ये पानशेतला ठरलं तेव्हा वहिनी २६-२७ वर्षांच्या असतील. पुढची सत्तावीस वर्षं तुम्ही रोज भोसरीला गेलात. त्या कोथरूडमध्ये राहिल्या. भाजीवाला, बँकेतली मुलगी, भिशीच्या बायका, डब्याची गिऱ्हाइकं हे त्यांचं गाव आहे. तुम्हाला शहराचा कंटाळा आलाय तो कंपनीच्या बसचा, ट्रॅफिकचा आणि शिफ्टचा, आणि जूनमध्ये ते तिन्ही संपणार आहेत. तो कंटाळा नंतर किती उरतो ते बघायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं. फ्लॅट विकू नका, आणि पानशेतही सोडू नका. राजगड तालुक्यात, म्हणजे आपल्या जुन्या वेल्ह्यात, एक घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. महिना दहा हजार धरले तरी अकरा महिन्यांचे १ लाख १० हजार. करार जूनपासून करा, म्हणजे अख्खा पावसाळा तिथे निघेल: लाइट जाणं, भिंतींची ओल, कपडे न वाळणं, आणि भर पावसातलं हिरवं पाणलोट, ज्याच्यासाठी तुम्ही जाताय. रविवारी संध्याकाळी एकदा मुद्दाम शहराकडे गाडी काढा. खडकवासल्याच्या चौपाटीपाशी कणसं खाणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही अडकाल. छातीत कळ आलेला माणूस मागच्या सीटवर आहे असं समजून घड्याळ लावा.

वहिनींनी सोमवार ते शुक्रवार कोथरूडला राहून डबे चालू ठेवले आणि शनिवार-रविवार तिकडे आल्या, तर वर्षभरात दोघांनाही कळेल की कोण कुणाकडे ओढलं जातंय. माझ्याकडच्या एका जोडप्याने भोरच्या बाजूला असंच केलं. दोन वर्षं भाड्याने राहिले, मग दोन खोल्यांचं छोटं घर बांधलं, सहकारनगरचा फ्लॅट ठेवला. ते आजही तिथे आनंदात आहेत. दुसरे एक गृहस्थ पहिल्याच सप्टेंबरमध्ये परतले, आणि त्यांचं नुकसान चार महिन्यांच्या भाड्याएवढं झालं.

रिडेव्हलपमेंटचा करार नोंदवला जाईपर्यंत त्यातला एक रुपयाही हिशेबात धरू नका. पण तो झाला, तर बिल्डर बांधकामाच्या काळात तुम्हाला भाडं देईल आणि तुम्हाला घर सोडावंच लागेल. ती दोन-तीन वर्षं पानशेतला राहण्यासाठी याहून चांगली संधी नाही. फक्त डब्यांसाठी कोथरूडमध्ये एखादं स्वयंपाकघर बघावं लागेल. शेवटी हातात लिफ्टची नवी इमारत. आज ९५ लाखांना विकलंत तर हे सगळं नव्या मालकाला मिळेल.

पैशांची मांडणी सोपी आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी एरवी ६० वर्षं लागतात, पण ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती उघडता येते. ही मुदत चुकवू नका. पीएफ-ग्रॅच्युइटीतले ३० लाख तिथे ठेवा. दर तीन महिन्यांनी ६१,५०० येतील, म्हणजे महिना साडेवीस हजार. त्यात पेन्शनचे ४,८०० आणि डब्यांचे १६ हजार मिळवले की ४१ हजार ३००. घरखर्च आणि पानशेतचं भाडं मिळून ४८ हजार. महिन्याला सहा-सात हजारांची तूट एफडीतून भरा, वर्षाला ऐंशी हजार. त्याची चिंता करू नका. उरलेल्या ३३ लाखांपैकी आठ लाख दोन बँकांत विभागून ठेवा, कारण ठेवीवरचं विमा संरक्षण एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच असतं. बाकीचे सत्तरीनंतरच्या खर्चासाठी आहेत. त्यातला निम्मा भाग तरी हळूहळू इक्विटी फंडात जाऊ द्या. वर्षभराने घर बांधायचंच ठरलं, तर छोटं, एकमजली, दोन खोल्यांचं बांधा, तेही फ्लॅटला हात न लावता जेवढं जमेल तेवढंच.

एक काम मात्र जूनच्या आधी. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपेल. त्याच विमा कंपनीकडे गटाच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आत्ताच करा, म्हणजे आधीची वर्षं जमेस धरली जातात. नव्याने पॉलिसी घेतलीत तर रक्तदाब-मधुमेहासारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दोघांसाठी किमान दहा लाखांचं संरक्षण घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय.

आणि या आठवड्यात एक कोरा कागद वहिनींपुढे ठेवा. पुढच्या दहा वर्षांत त्यांना काय हवंय, ते त्यांनी लिहावं; तुम्ही त्या वेळी खोलीत नको. तुम्हीही तुमचा कागद नव्याने लिहा, १९९८ चा आठवून नव्हे. पुढच्या पत्रासोबत दोन्ही पाठवा. पानशेतचा आकडा मी त्यानंतर पुन्हा मांडून देईन.