त्या दिवशी टेबलावर काय होते?

प्रिय तरुण मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. एका मोठ्या कंपनीने आपले चांगले चालणारे उत्पादन बंद केले, हा निर्णय कसा आत्मघातकी आहे आणि अभियांत्रिकीचा गंध नसलेल्या व्यवस्थापकांच्या हावेतून तो कसा जन्मला आहे, हे तू चौदा परिच्छेदांत सांगितले आहेस. भाषेला धार आहे, वाचताना कुठे कंटाळा येत नाही आणि तुझा राग उसना नाही हेही जाणवते. तरीही हा लेख आहे तसा प्रसिद्ध करू नकोस, असे मी सुचवणार आहे. टीका कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. वार नेमक्या जागी बसत नाही एवढीच तक्रार आहे, आणि या पत्रात मी तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे.

कंपन्यांच्या निर्णयांवर लिहिणारे आपण सगळे बहुधा परिणाम पाहून निर्णयाला गुण देतो. उत्पादन चालले तर दूरदृष्टी, बुडाले तर मूर्खपणा. वास्तविक ज्या दिवशी निर्णय घेतला गेला त्या दिवशी टेबलावर कोणते कागद होते, कोणते पर्याय खुले होते, प्रत्येकाची किंमत काय होती, त्या खोलीत कोणी विरोध केला आणि तो कशाच्या जोरावर बाजूला सारला गेला, हे कळल्याशिवाय निर्णयाचे मोजमाप करता येत नाही. तोपर्यंत आपण जे करतो त्याला आपल्या भाषेत उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक या कंपनीचेच बघ, कारण तुझ्या चौथ्या परिच्छेदात ती आलीच आहे. स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. सुमारे ३.६ किलो वजनाचा तो कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. कंपनीने फिल्मच्या मोहापायी तो दडपला आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, अशी गोष्ट तू सांगतोस, आणि तुझ्याआधी असंख्य लोकांनी ती अशीच सांगितली आहे. या गोष्टीत २००५ हे वर्ष कधीच येत नाही. त्या वर्षी अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे तिने ते तंत्रज्ञान ओळखले, विकले आणि त्याच्या पेटंटांवर पैसाही कमावला. अडचण अशी होती की फिल्मच्या रिळावर जो नफा सुटत असे तो डिजिटल कॅमेऱ्यावर सुटत नव्हता, आणि पुढे तर फोननेच कॅमेरा गिळला. त्या खुर्चीत बसून तू काय केले असतेस? फिल्मच्याच धंद्यातली जपानी कंपनी फूजीफिल्म तगली ती प्रामुख्याने फिल्म बनवताना कमावलेले रसायनांचे ज्ञान एलसीडी पडद्यांच्या थरांकडे, औषधांकडे आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळवून. कोडॅकने मात्र आपला रसायनांचा व्यवसाय १९९४ मध्येच, कर्ज हलके करण्याच्या खटपटीत, वेगळा काढला होता. तो निर्णय चूकच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कोडॅकवर लिहायचेच असेल तर वाद घालण्याजोगी जागा तिथे आहे.

माझ्या हातूनही हे घडले आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कंपनीने आपल्या उपकरणातली सहज बदलता येणारी बॅटरी आत चिकटवून टाकली, तेव्हा ग्राहकाला दर दोन वर्षांनी नवे यंत्र घ्यायला लावण्याचा हा डाव आहे, असा लेख मी लिहिला. तो खूप वाचला गेला. पुढे त्या उपकरणावर काम केलेल्या एका अभियंत्याची योगायोगाने गाठ पडली. जुन्या झाकणाच्या फटीतून ओलावा शिरून बिघडलेली यंत्रे इतकी परत येत होती की ते परवडेनासे झाले होते, असे त्याने शांतपणे सांगितले. झाकण ठेवून त्याला रबरी पट्टी बसवण्याचा पर्यायही चर्चेत होता, पण बाजारात उतरण्याची तारीख चुकेल म्हणून तो सोडून दिला गेला. म्हणजे मी लिहिलेला डाव मुळात नव्हताच, पण तारखेसाठी सोडलेला तो पर्याय खरोखर टीकेला पात्र होता आणि तो मला दिसलाही नव्हता. ‘तुमचा लेख आम्ही बैठकीत वाचून हसलो,’ असे तो म्हणाला. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मूळ कागद वाचण्याचा आग्रह मी का धरतो, हे फोर्ड पिंटोवरून कळेल. १९७० च्या दशकातल्या या छोट्या मोटारीला मागून धडक बसली की इंधनाची टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. १९७७ मध्ये एका अमेरिकी मासिकाने फोर्डच्या कार्यालयातला एक हिशेब जगापुढे आणला: दर गाडीमागे ११ डॉलरची सुधारणा, दर मृत्यूमागे सुमारे दोन लाख डॉलरचे नुकसान, आणि बेरीज-वजाबाकीअंती सुधारणा महाग. तेव्हापासून हा कागद कॉर्पोरेट निर्दयतेचा पुरावा म्हणून वर्गावर्गांत दाखवला जातो. प्रत्यक्षात १९७३ चा तो कागद सरकारी नियामक संस्थेच्या एका प्रस्तावित नियमावर मत देण्यासाठी केलेला होता. त्याचा विषय मागून बसणारी धडक हा नव्हता. गाडी उलटल्यावर होणारी इंधनगळती हा होता. त्यातला हिशेब एकट्या पिंटोचा नव्हता, तर सर्व बनावटींची मिळून १ कोटी २५ लाख वाहने त्यात धरली होती. जिवाची ती किंमतसुद्धा त्या नियामक संस्थेच्याच आकड्यांवरून घेतलेली होती.

यावरून फोर्ड निर्दोष सुटते का? मुळीच नाही. टाकी मागच्या आसाच्या पाठीमागे, धडकेच्या वाटेत बसवली होती, गाडी विक्रीला येण्यापूर्वीच्या चाचण्यांत टाक्या फुटल्या होत्या, स्वस्त उपाय माहीत होते, आणि तरीही सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायला १९७८ उजाडावे लागले. आरोप भक्कम होता. पण टीकाकाराने चुकीचा कागद उंचावला की समोरच्या वकिलाला तेवढा एक कागद फाडून बाकी सगळ्या प्रश्नांतून निसटता येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो.

आपल्या क्षेत्रातले ताजे उदाहरण कमी गंभीर आणि काहीसे विनोदी आहे. २०२३ मध्ये अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका तुकडीने लिहिले की प्रसारणाची गुणवत्ता तपासणारी आपली यंत्रणा सुट्या घटकांतून (अशा रचनेला मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात) काढून एकाच प्रक्रियेत आणल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. आठवडाभरात ‘अॅमेझॉननेच मायक्रोसर्व्हिसेस सोडल्या’ अशी दवंडी पिटली गेली. ज्यांनी ते लिखाण शेवटपर्यंत वाचले त्यांना दिसले असते की प्रश्न एका तपासणी यंत्रणेचा होता, आणि खर्च वाढत होता तो मुख्यतः व्हिडिओतली एकेक चित्रचौकट मधल्या साठवणीत ठेवून पुन्हा उचलण्यामुळे आणि पायरीगणिक लागणाऱ्या शुल्कामुळे. मायक्रोसर्व्हिसेसवर माझेही काही बरे मत नाही, पण म्हणून हा पुरावा त्यांच्याविरुद्धचा ठरत नाही.

इतका शोध घेतला तर टीका मवाळ होईल, अशी शंका तुला येईल. अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानाची नोंद वाचून बघ. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. थंडीने पूरक अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी ताठरली, एवढेच बहुतेकांना माहीत असते, आणि त्यामुळे ही एखाद्या पदार्थाच्या दोषाची गोष्ट वाटते. पण पूरक अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोलमधील अभियंता रॉजर बोइजोली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता की या कड्यांकडे दुर्लक्ष झाले तर मनुष्यहानी होईल. उड्डाणाच्या आदल्या रात्रीच्या दूरध्वनी बैठकीत तेथील अभियंत्यांनी, १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, असा सल्ला दिला, कारण त्याहून थंड हवेतला अनुभवच कोणाकडे नव्हता. नासाच्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. कंपनीने मध्ये थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात वरिष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकीच्या प्रमुखांना अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. सल्ला फिरला. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे अभियंत्यांवर टाकले गेले. पुढे चौकशी आयोगावर असलेल्या रिचर्ड फाइनमन यांनी दाखवून दिले की यान गमावण्याची शक्यता अभियंत्यांच्या मते साधारण शंभरात एक होती आणि व्यवस्थापनाच्या मते एक लाखात एक. इथे टेबलावरचा कागद वाचल्यावर टीका कितीतरी जास्त जहरी होते, कारण ‘आम्हाला कसे कळणार’ ही सबबच उरत नाही.

बोइंग ७३७ मॅक्स या विमानाबद्दलही तेच म्हणेन. ‘हिशेबनीसांनी अभियंत्यांची कंपनी खाल्ली’ हे वाक्य मला आवडते, कदाचित ते खरेही असेल, पण त्यावर कोणालाही जबाबदार धरता येत नाही. त्याउलट विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एकाच सेन्सरच्या भरवशावर सोडली होती, तिच्या एका खेपेच्या हालचालीची मर्यादा ०.६ अंशावरून २.५ अंशांवर नेली गेली, वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख ठेवला नाही, आणि नव्या सिम्युलेटर प्रशिक्षणाची गरज पडू नये हे व्यापारी उद्दिष्ट होते. इतके की तशी गरज पडल्यास दर विमानामागे दहा लाख डॉलर देण्याचे एका ग्राहकाला कबूल केले होते. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. वरच्या प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी सही आहे, आणि टीकाकाराने त्या सहीपर्यंत पोहोचायचे असते.

सही शोधताना एक सावधगिरी बाळग. दोष खाली ढकलणे ही मोठ्या संस्थांची जुनी सवय आहे. फोक्सवॅगनने उत्सर्जनाच्या चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवल्याचे उघड झाल्यावर, ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्या अमेरिकेतील प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की आपल्या मते हे काही मोजक्या सॉफ्टवेअर अभियंत्यांचे काम होते. ते तसेच छापणाऱ्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, कारण २०१८ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले ते थेट माजी मुख्याधिकाऱ्यांवर. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याचे नाव तुझ्या हाती लागले तरी ते छापू नकोस. त्याच्या नावाने वाचकाला निर्णय कळत नाही, आणि त्याची नोकरी मात्र जाते.

आता तुझ्या मसुद्याकडे येतो. कोडॅकचा परिच्छेद काढ. ‘हाव’ हा शब्द सहा वेळा आला आहे आणि एकदाही त्याच्यापुढे आकडा नाही. ते उत्पादन किती लोक वापरत होते, त्याच्या देखभालीवर किती माणसे होती, कोणता बाह्य घटक कालबाह्य झाला होता, हे कंपनीच्या वार्षिक अहवालातून आणि जुन्या निवेदनांतून बरेचसे कळते. न कळेल ते कंपनीला पत्र लिहून विचार आणि उत्तर आले नाही तर तसे लिही. कंपनी वर्षभरात बुडेल हे तुझे भाकीत ठेवायचे असेल तर तारखेसह ठेव. २०२२ च्या अखेरीस ट्विटरने निम्मे कर्मचारी काढल्यावर ते काही दिवसांत बंद पडेल असे आपल्यातल्या अनेकांनी लिहिले होते, मीही मित्रांना खात्रीने सांगितले होते, आणि ते बंद पडले नाही. शिवाय तू जिच्यावर टीका करतोस त्या कंपनीच्या स्पर्धक कंपनीत नोकरी करतोस, ही गोष्ट लेखाच्या सुरुवातीलाच सांगायला हवी. दुसऱ्या कोणी ती शोधून सांगितली तर लेखातले खरे मुद्देही वाया जातील.

अकरावा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेव. ग्राहकांना आपली माहिती बाहेर काढून घ्यायला कंपनीने फक्त ३० दिवस दिले आणि त्यासाठीचे साधन पहिले दहा दिवस चालतच नव्हते, हे तू स्वतः तपासून, दिनांकांसह लिहिले आहेस. उत्पादन बंद करण्यामागे कदाचित कारण असेल. ही मुदत इतकी आखूड ठेवण्यामागे ते काय होते, हे त्या खोलीतल्या माणसांना सांगता येईल असे मला वाटत नाही. लेखाची सुरुवात तिथून कर आणि नवा मसुदा पाठव.

तुझा,
एक जुना वाचक