मार्केटिंगच्या क्लासचे पैसे भरण्याआधी विषयाचा कोड बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा दहावीत, धंद्याची आवड, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये शनिवार-रविवारचा 'ज्युनियर बिझनेस आणि मार्केटिंग' कोर्स, फी ४५ हजार आणि या रविवारपर्यंत भरली तर सवलत. शाळेत मात्र 'पुढच्या वर्षी मार्केटिंग हा विषयच सुरू होतोय' असं सांगितलंय. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले, कारण २०२२ साली मलाही नेमकं हेच सांगितलं गेलं होतं.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. अंबडला एका कारखान्यात हिशेब बघते. जे लिहितेय ते माझ्या मुलीच्या अकरावी-बारावीवरून, सीबीएसईचं. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे माझ्या शब्दावर न जाता चालू वर्षाचं परिपत्रक बघाच.

कॉमर्स घ्यावं की नाही, गणित ठेवावं की नाही, यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी पडत नाही. थेट कोडवर येते, म्हणजे बोर्ड प्रत्येक विषयाला जो आकडा देतं त्यावर.

सीबीएसईत अकरावी-बारावीला मार्केटिंग हा कौशल्य विषय आहे, कोड ८१२. लेखी ६० गुणांची, प्रात्यक्षिक ४० गुणांचं. अकरावीत ग्राहक कसा विचार करतो, बाजाराचे गट कसे पाडायचे हे येतं. बारावीत वस्तू, किंमत, वितरण, जाहिरात. अभ्यासक्रम चांगला आहे, माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण शाळेला असा विषय बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. 'सुरू होतोय' आणि 'मंजूर आहे' यांत आमचं अख्खं वर्ष गेलं.

झालं असं. जूनपासून वर्गात मार्केटिंग शिकवायला सुरुवात झाली. सर चांगले होते, पोरं खूश होती. पुढे अकरावीच्या नोंदणीची छापील पावती सहीसाठी घरी आली. त्यावर मुलीचं नाव, आमची दोघांची नावं, जन्मतारीख आणि खाली एका ओळीत पाच आकडे: ३०१, ०५५, ०५४, ०३०, ०४८. आपल्याकडे इंग्रजीत नाव लिहिताना हमखास घोळ होतो, दहावीच्या वेळी माझ्याच नावातलं एक अक्षर गळलं होतं. म्हणून मी बोट ठेवून नावांचं एकेक अक्षर तपासलं, जन्मतारीख दोनदा वाचली आणि सही केली. आकड्यांच्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ३०१ इंग्रजी, ०५५ अकाउंटन्सी, ०५४ बिझनेस स्टडीज, ०३० इकॉनॉमिक्स. आणि ०४८ म्हणजे शारीरिक शिक्षण. ८१२ त्या कागदावर कुठेच नव्हतं.

हे कळलं बारावीच्या जुलैत. प्रात्यक्षिकाच्या फाइलबद्दल विचारायला मुलगी सरांकडे गेली, तर सर म्हणाले, 'तुमच्या बॅचला पीई आहे ना?' मंजुरी आलीच नव्हती. कागदोपत्री सगळ्या पोरांना शारीरिक शिक्षण लावून टाकलं होतं, आणि पालकांना सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

त्या ऑफिसात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा 'मॅडम रजेवर आहेत', दुसऱ्यांदा 'हे बोर्डाकडून असंच आलंय', तिसऱ्यांदा 'तुम्हीच सही केलीय की'. चौथ्या वेळी लेखी अर्ज घेऊन गेले, तर अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. शिक्का टेबलावर समोर होता. आजही त्या खिडकीची आठवण आली की चिडचिड होते. चूक कुणाचीही असू शकते हो, पण सतरा वर्षांच्या पोरीचा विषय बदलला गेलाय हे तिच्या आईला तोंडावर सांगायची तरी हिंमत हवी. विषय बदलायचा तर शाळेकडे तो मंजूर असायला हवा, म्हणजे तो रस्ताही बंद. पोरीने पुढच्या सहा महिन्यांत शारीरिक शिक्षणाची सत्तर गुणांची लेखी शून्यापासून तयार केली.

तेव्हा माझं कळकळीचं सांगणं: शाळेत जाऊन 'मार्केटिंग आहे का' असं विचारू नका. 'आठशे बाराची बोर्डाची मंजुरी दाखवा' असं म्हणा. आणि नोंदणीची पावती आली की आधी कोड वाचा, मग नावं. फोटो काढून ठेवा. कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तुम्ही स्टेट बोर्डाचे असाल तर हा कोडचा प्रश्न नाही. कॉमर्सच्या बारावीला ओसीएम (वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन) हा विषय असतो, त्यात शेवटचं, आठवं प्रकरण विपणनाचंच आहे आणि तिसरं उद्योजकता विकासाचं. तो विषय घेणाऱ्या सगळ्यांनाच ते शिकायचं आहे, त्यासाठी वेगळा क्लास कशाला?

आता त्या ४५ हजारांबद्दल. हे माझं मत आहे, कुणाला पटणार नाही. तिथे जे प्रमाणपत्र मिळतं ते बोर्डाच्या गुणपत्रिकेवर येत नाही. 'बीबीएच्या (व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या) प्रवेशाला उपयोगी' असं सांगतात ना? आमची मुलगी २०२४ ला बारावी झाली, बीबीएची सीईटी (प्रवेश परीक्षा) राज्यात त्याच वर्षी पहिल्यांदा आली. त्यात इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची तोंडओळख विचारली, मार्केटिंग नाही. मुलाला धीटपणे बोलायची सवय लागावी एवढ्यासाठी पाठवणार असाल तर पाठवा, पण मग ४५ हजार कशाचे देतोय ते स्वतःला स्पष्ट असू द्या.

माझी मुलगी जे काही शिकली ते बुधवारच्या बाजारात. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी (तेव्हा तो विषय आहे असंच आम्ही समजत होतो) २०२३ च्या मे महिन्यात तिने पेठ तालुक्यातल्या एका बचत गटाचे नागलीचे पापड विकायला घेतले. गोदाघाटावर संध्याकाळी, ओळखीच्या मावशींच्या भाजीच्या पालाशेजारी टेबल टाकलं. अर्धा किलोची पाकिटं, १६० रुपये, तीस नेली होती. पहिल्या बुधवारी सहा खपली. रात्री घरी येऊन रडली नाही, वही काढून बसली. कोण काय बोलून पुढे गेलं ते तिने लिहून ठेवलं होतं: 'आम्ही दोघंच, एवढे कधी संपणार', 'हे काळे का आहेत', 'तेल फार पितात का'. पुढच्या आठवड्यात गटातल्या बायकांना सांगून २०० ग्रॅमची पाकिटं केली, ७० रुपयांना. किलोमागे तीस रुपये जास्तच पडत होते, तरी ती चाळीसच्या चाळीस संपली. लेबलवर 'नागली' खाली कंसात 'नाचणी' लिहिलं, कारण पुण्या-मुंबईकडून आलेल्यांना नागली कळत नव्हती. आणि तिसऱ्या बुधवारी एक छोटा स्टोव्ह नेऊन पापड समोर तळायला लागली. त्या दिवशी तेलाचा प्रश्न कुणी विचारला नाही.

ती वही आमच्याकडे अजून आहे. त्या वहीला गुण शून्य मिळाले, कारण विषयच नव्हता. पण वस्तू, किंमत, वितरण, जाहिरात हे चारही धडे त्या तीन बुधवारांत आहेत.

तुम्ही असं काही करणार असाल तर दोन गोष्टी. खाण्याची वस्तू पाकिटात विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक लागतो, आमच्या गटाकडे तो होता. आणि मुलगा अठराचा होईपर्यंत कुठल्याही क्लासला, स्पर्धेवाल्याला किंवा 'भागीदारा'ला त्याची सही देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, निस्तरायला शेवटी आई-वडीलच लागतात. क्यूआर कोड तुमच्या खात्याचा ठेवा आणि हिशेब त्याच्या वहीत.

तुमचा मुलगा कोणत्या बोर्डाचा ते पोस्टमध्ये नाही, तेवढं कळवा. आणि सवलत संपतेय म्हणून रविवारी पैसे भरू नका. सोमवारी शाळेचं ऑफिस उघडलं की मंजुरीचं पत्र मागा, काय उत्तर मिळतं ते इथे लिहा.