मटेरियल जेटिंगवर सॅम्पल छापून घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा, की हातात धरायच्या मीटरचं कव्हर आहे, कडेला रबराची ग्रिप आहे, मोल्ड बनवण्याआधी सॅम्पल हवंय, आणि पुण्यातल्या एका जॉबवर्कवाल्याने मटेरियल जेटिंगचं (द्रव रेझिनचे थेंब टाकून थर रचणाऱ्या थ्रीडी छपाईचं) कोटेशन दिलंय, ते साध्या एफडीएमच्या (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या छपाईच्या) कितीतरी पट आहे.

घ्या. पण ग्राहकाच्या हातात द्यायला घ्या, चाचणीला नको. भोसरीत प्लास्टिक पार्टचं डिझाइन करताना मी हे चुकून शिकलो. एप्रिलमध्ये असंच एक झाकण घेऊन चाकणला निघालो होतो. गाडी उन्हात लावून जेवायला गेलो, तासाभराने आलो तर झाकणाची कड वाकलेली. ग्राहकासमोर ते बॉडीवर बसेचना. दोष छापणाऱ्याचा नव्हता. या पद्धतीतली नेहमीची कडक रेझिन ४५ ते ५० अंशांनाच मऊ पडू लागतात, आणि आपल्याकडे उन्हात बंद गाडी त्याहून सहज तापते.

कारण रेझिनच्या स्वभावात आहे. ऑफिसातला इंकजेट शाई उडवतो तसे या यंत्राचे हेड द्रव फोटोपॉलिमरचे, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे, बारीक थेंब टाकतात. इतक्या बारीक भोकांतून घट्ट द्रव उडत नाही, म्हणून मुळात पातळ रेझिन निवडतात, वर हेडमध्ये ते तापवतात. रोलर थर सपाट करतो, शेजारचा अतिनील दिवा तो लगेच घट्ट करतो. थर १६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत चार-पाच सहज मावतील. पृष्ठभाग इतका गुळगुळीत येतो तो त्यामुळेच. पण एबीएस प्लास्टिकचा चिवटपणा त्यात नाही. स्नॅप फिट (दाबून अडकवायचा सांधा) दोन-चारदा लावून काढलंत तर कट्‌कन तुटेल. खिडकीत ठेवलेला पांढरा पार्ट हळूहळू पिवळाही पडतो.

तुमची ग्रिप मात्र इथे खरंच जिंकते. एका हेडमधून कडक, दुसऱ्यातून रबरासारखं रेझिन सोडून कव्हर आणि ग्रिप एकाच छपाईत, चिकटवल्याशिवाय निघतात. इस्रायलच्या ऑब्जेटने २००७ मध्ये कॉनेक्स यंत्रात हे आणलं. ती कंपनी २०१२ मध्ये स्ट्रॅटासिसमध्ये विलीन झाली. दोन्ही रेझिन मिसळून शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) ३० ते ९५ दरम्यानच्या वेगवेगळ्या कडकपणाच्या ग्रिप मिळतात. तीन कडकपणाच्या तीन मागवा आणि ज्यांना दिवसभर मीटर धरायचाय त्यांच्याच हातात द्या. कडकपणा चुकीचा निवडला हे मोल्ड कापल्यावर कळलं तर फार महाग पडतं.

ऑर्डर देताना फिनिश मॅट मागा. ग्लॉसीमध्ये सपोर्ट (छापताना पार्टला दिलेला तात्पुरता आधार) लागलेली बाजू मॅट आणि उरलेली चकचकीत येते, मधली रेघ नजरेत खुपते. सपोर्ट जेलसारखा असतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतात. त्यामुळे कव्हरच्या आतल्या पातळ रिब (मजबुतीच्या उभ्या पट्ट्या) आधीच दाखवून ठेवा, नाहीतर धुताना मोडतात. सपोर्ट मेणाचा असेल तर तो ओव्हनमध्ये वितळवतात, मग रिबची काळजी कमी.

स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायचे पोकळ खांब) आणि पडण्याची चाचणी यांसाठी तेच कव्हर एसएलएसवर (लेसरने पावडर जोडणाऱ्या छपाईवर) नायलॉनमध्ये वेगळं काढून घ्या.