बाकावरून : राखीव गड्याला विचारा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉलमध्ये अकरा वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक बाकावर बसून काढली, तर त्यावर एवढी पत्रं आली की वाटलं, या जगात खेळणारे कमी आणि बसणारेच जास्त. ज्यांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय त्यांचं छापलं नाहीये, आणि ज्यांनी कळवलं नाही त्यांचंही नाही छापलं, कारण कोच लोकपण मासिकं वाचतात.

दादा, सीझनचे नऊ सामने झाले. नऊच्या नऊ वेळा टीमशीटवर माझं नाव होतं आणि खेळलो एकूण शून्य मिनिटं. मी टीममध्ये आहे की नाही?
– नंबर सोळा

सोळा, अरे तू टीममध्येच आहेस, फक्त तुझी पोझिशन कोणती ते तुला कुणी सांगितलेलं नाही. आठवून बघ, सगळ्यांच्या आधी येऊन गोलची जाळी कोण बांधतं, कॉर्नरचे झेंडे कोण रोवतं, पंप सापडत नसताना बॉलमध्ये हवा कोण भरतं? सामना सुरू झाला की अकरा जणांच्या चाव्या, फोन, चष्मे, अंगठ्या कुणाच्या खिशात असतात? मी तर एकदा आमच्या सेंटर बॅकची कवळी सांभाळलीये, पूर्ण नव्वद मिनिटं, रुमालात गुंडाळून, आणि त्या दिवशी मैदानावर सगळ्यात जास्त जबाबदारीचं काम माझ्याकडेच होतं असं माझं आजही मत आहे.

आणि झेंडा विसरू नकोस. वरच्या लेव्हलला लाइनमन नेमलेले असतात, आपल्याकडे बऱ्याचदा रेफरी बिचारा एकटाच येतो, मग दोन्ही टीमनी एकेक माणूस झेंडा धरायला द्यायचा आणि तो माणूस म्हणजे अर्थातच सब, म्हणजे बाकावरचा बदली खेळाडू. यात एक मोठा धोका आहे तो आत्ताच सांगून ठेवतो. आमचा स्ट्रायकर एकदा चांगला दोन हात ऑफसाइड होता, मी प्रामाणिकपणे झेंडा वर केला, गोल रद्द झाला, आम्ही एक-शून्यनं हरलो. दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही आणि पुढच्या आठवड्यात झेंडा दुसऱ्याकडे. म्हणजे टीममध्ये तर नव्हतोच, झेंड्यावरूनही ड्रॉप झालो!

लहानपणी खेळात लिंबूटिंबू असायचा ना, ज्याच्यावर राज्य येत नाही आणि ज्याला कुणी आउट पण करत नाही, तसलं हे पद आहे. फरक एवढाच की लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे माहीत नसतं.

आमचे हे दर रविवारी सकाळी मॅच आहे म्हणून जातात आणि दुपारी येतात तेव्हा कपडे जसे इस्त्री करून दिले तसेच असतात. घाम नाही, चिखल नाही. विचारलं तर म्हणतात टीमला माझी गरज आहे. मी काय समजावं?
– एक गृहिणी

वहिनी, संशय काढून टाका. बाहेर काही लफडं असतं तर माणूस निदान कपडे मळवून घेण्याची काळजी घेतो. इतके स्वच्छ कपडे घेऊन घरी यायची हिंमत फक्त राखीव खेळाडूकडेच असते.

गरज आहे म्हणतात तेही खोटं नाही हो. अकरावा माणूस झोपेतून उठला नाही तर लागतो, कुणाच्या लग्नाला निम्मी टीम गेली तर लागतो. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तो प्रकार. मी स्वतः अशी वर्षं काढली आहेत की हाफटाइमला मुद्दाम चिखलात एक स्लायडिंग टॅकल मारून यायचो, समोर कुणी नसताना, नुसता घरी दाखवायला. बायकोला कळलं ते कसं, तर चिखल नेहमी डाव्या मांडीलाच लागलेला असायचा.

एकदा जाऊन सामना बघा असं मी सांगणार होतो, पण नको. ते वॉर्मअप करताना तुम्हाला बघून हात हलवतील आणि कोचला वाटेल यांचं लक्ष नाही.

काका, आमचा कोच पहिल्या हाफच्या विसाव्या मिनिटाला म्हणतो "वॉर्मअप सुरू कर" आणि मग विसरून जातो. मी साइडलाइनवर पळत राहतो. मागच्या सामन्यात हिशोब केला तर आतल्या विंगरपेक्षा मी जास्त पळालो असेन. थांबू का?
– दमलेला

बाळा, काका म्हणालास म्हणजे माझं वय तुला कळलंय, तर ऐक. कोच "वॉर्मअप कर" म्हणतो त्याचे तीन अर्थ असतात. एक म्हणजे खरंच उतरवणार आहे, हे क्वचित. दुसरा, आत जो झोपा काढतोय त्याला दाखवायला तुला पळवतोय, बुजगावण्यासारखं. आणि तिसरा, तू बाकावर बसून बडबड करतोयस आणि त्याला शांतता हवीये. माझ्या बाबतीत कायम तिसरा असायचा.

पण पूर्ण थांबू नकोस, कारण तापलेले स्नायू पंधरा-वीस मिनिटं बसलं की परत थंड पडतात, आणि थंड पायानं पहिलाच स्प्रिंट मारला की मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेलीच म्हणून समज. उतरला आणि नव्वद सेकंदात लंगडत बाहेर आला, हे मी स्वतः केलेलं आहे, आणि सबला सब घालावा लागला की बाकावरचे लोक ज्या नजरेनं बघतात ना ती सहन होत नाही. तर पाच मिनिटं पळ, दहा मिनिटं बस, परत पळ. आणि पळायचंच तर कोचच्या डोळ्यांसमोरून पळ, त्याच्या पाठीमागे पळून काय उपयोग.

परवा पहिल्यांदा उतरलो. कॉर्नर मिळाला होता, मी बाहेरच्या बाजूनं धावत थेट कॉर्नरपाशी गेलो आणि किक मारली, तर रेफरीनं शिट्टी वाजवून परत बोलावलं आणि सगळे हसले. माझं चुकलं काय?
– घाई झालेला

सगळंच चुकलं, पण भावना पोचल्या. गुडघ्याला बाशिंग बांधून महिने काढल्यावर असं होतंच.

नियम असा आहे की आधी रेफरीला कळवायचं, मग बाहेर येणारा पूर्ण बाहेर यायला हवा, मग रेफरीनं खूण केली की तू मधल्या रेषेपाशी आत पाय टाकायचा. आत पाय पडला की बदल पूर्ण झाला, तोपर्यंत तू खेळाडू नाहीस, फक्त नीटनेटक्या कपड्यातला प्रेक्षक आहेस. कॉर्नर किंवा थ्रो-इन सब घेऊ शकतो, पण आधी मैदानात येऊन, बाहेरून परस्पर नाही. आणि 2019 पासून बाहेर जाणाऱ्यानं जवळच्या रेषेवरून जायचं असा नियम आहे, कारण आघाडीवर असलेल्या टीमचा माणूस लांबच्या टोकापासून टाळ्या वाजवत, बूट नीट करत, सगळ्यांना मिठ्या मारत चालत यायचा आणि दोन मिनिटं तिथंच खायचा. खालच्या लेव्हलला याचा एक तोटा असा झाला की तो पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो आणि तुला त्याचा शर्ट घालायचा असतो, कारण शर्ट मोजून तेराच आहेत. मग तू मधल्या रेषेवर उघडा उभा आणि तो पूर्ण मैदानाला वळसा घालून येतोय, ओला शर्ट हातात घेऊन.

बरं, एक चांगली बातमी पण आहे. अगदी तळाच्या, म्हणजे हौशी पातळीवर, तसंच लहान मुलांच्या आणि वयस्करांच्या फुटबॉलमध्ये बाहेर आलेला परत आत जाऊ शकतो, तिथल्या असोसिएशननं मान्य केलं असेल तर. म्हणजे एकाच सामन्यात दोनदा काढून टाकलं जाण्याची सोय आहे.

लाज वाटते लिहायला, पण आमच्या लेफ्ट बॅकला काहीतरी व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसतो. मोठं काही नाही, नुसता क्रॅम्प. मी वाईट माणूस आहे का?
– पापी

अरे बाबा, मग आपण सगळेच पापी. मी तर लेफ्ट बॅक, राइट बॅक आणि एक मिडफिल्डर, तिघांसाठी देव घातले होते, पाणी कमी पडलं.

आणि जरा इतिहास बघ, आपलं पदच मुळी दुसऱ्याच्या दुखण्यातून जन्माला आलंय. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये 1965 पर्यंत सब नव्हताच, माणूस पडला की दहा जणांनी खेळायचं. 1956 च्या एफए कपच्या फायनलला मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटची सतरा मिनिटं खेळला, कारण त्याच्या जागी येणारा कुणी नव्हता. मान मोडलीये हे काही दिवसांनी कळलं, आणि कप त्यांनीच जिंकला. मग 1965 साली एक बदली चालेल असं ठरलं, पण फक्त दुखापत झाली तरच. 21 ऑगस्टला चार्लटनचा गोलकीपर अकराव्या मिनिटाला जायबंदी झाला आणि किथ पीकॉक उतरला, लीगचा पहिला सब. वर्ल्ड कपला तर 1970 उजाडलं.

म्हणजे सुरुवातीला कुणीतरी कळवळल्याशिवाय सबला आत जायची सोयच नव्हती, तेव्हा बाकावर बसून तुझ्यासारखेच लोक काय इच्छा करत असतील तूच विचार कर. आता पाच बदल मिळतात, 2020 ला करोनाच्या काळात तात्पुरते म्हणून आले आणि 2022 ला नियमातच बसले. पाच जण जाऊ शकतात आणि तरी तुझा नंबर लागत नसेल, तर क्रॅम्प पुरणार नाही रे, साथच यावी लागेल.

मी राखीव गोलकीपर आहे. पुढे काही लिहीत नाही.
– (सही नाही)

समजलं. बाकीच्या सबना निदान आशा असते, गोलकीपरला कोण कशाला बदलेल. तुझ्यासाठी दोन माणसं सांगतो.

एक टिम क्रूल, नेदरलँड्सचा राखीव गोलकीपर. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्स-कोस्टारिका क्वार्टर फायनल, हा पूर्ण वेळ बाकावर, एक्स्ट्रा टाइम पण बाकावर, आणि अगदी शेवटच्या क्षणी कोचनं फक्त पेनल्टीसाठी म्हणून उतरवला. दोन पेनल्टी अडवल्या, टीम सेमी फायनलला.

दुसरा आपल्यातला, वेन शॉ. सटन युनायटेड हा तेव्हा लीगच्या बाहेरचा क्लब, 2017 ला एफए कपमध्ये त्यांच्या मैदानावर साक्षात आर्सेनलसारखा बडा क्लब आलेला, हा राखीव कीपर, आणि सामना चालू असताना टीव्हीवर सगळ्या देशासमोर यानं बाकापाशी पाय खाल्ला. म्हणजे पाऊल नव्हे, तिकडचा तो सारण भरलेला खारा पाय. गंमत इथं संपली असती, पण एका बेटिंग कंपनीनं तो कॅमेऱ्यासमोर पाय खाईल यावर आधीच एकास आठ असा भाव लावला होता आणि त्याला ते ठाऊक होतं, त्यामुळे क्लब सोडावा लागला, चौकशी झाली, 375 पौंड दंड आणि दोन महिने बंदी. माझं मत विचारशील तर बेटिंगचा भाग चूकच, पण सामना चालू असताना बाकावर भूक लागते ही गोष्ट आतल्या अकरा जणांना कधीच कळणार नाही.

तू क्रूल होशील की शॉ, सांगता येत नाही. डबा मात्र हाफटाइमला संपव.

चार मिनिटांसाठी उतरलो, पहिलाच टॅकल, यलो कार्ड. बॉलला पाय लागलाच नाही. कोच म्हणाला यापेक्षा बाकावर कमी नुकसान करतोस.
– पिवळा

अरे तू तर शिस्तीत खेळलास म्हणायचं. लिव्हरपूलचा स्टीव्हन जेरार्ड, केवढा मोठा खेळाडू, 2015 ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हाफटाइमनंतर उतरला आणि 38 सेकंदांत रेड कार्ड घेऊन परत. शेफील्ड युनायटेडचा किथ गिलेस्पी 2007 ला रेडिंगविरुद्ध उतरला आणि खेळ परत सुरू व्हायच्या आधीच कोपर मारून बाहेर, म्हणजे खेळलेला वेळ शून्य. आणि अर्जेंटिनाचा कनिजिया 2002 च्या वर्ल्ड कपला बाकावर बसल्या बसल्या रेड कार्ड घेऊन गेला, रेफरीला काहीतरी बोलला म्हणून. तेव्हा कोचला सांग की बाकावरही भरपूर नुकसान करता येतं, संधी द्या फक्त.

थोडं कामाचं पण सांगतो. घाईनं टॅकल मारतो कारण बसलेलं असताना आपण सामना बघत नाही, आपण स्वतःलाच बघत असतो, मला कधी घेतील, घेतील का. मँचेस्टर युनायटेडचा ओले गुन्नार सोल्शायर बाकावरून समोरच्या डिफेंडरांकडे बघत बसायचा, कोण कुठे चुकतोय ते टिपायचा. 1999 च्या फेब्रुवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध 72 व्या मिनिटाला उतरला आणि चार गोल मारले, आणि त्याच वर्षी मेमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला उतरून इंज्युरी टाइममध्ये विजयी गोल. नव्वद मिनिटं राबलेले लोक असल्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात, म्हणू देत. बीळ कुठे आहे ते शोधायला पण कुणीतरी लागतं.

मी हे शिकलो तोवर माझं वय झालं होतं. समोरचा लेफ्ट बॅक दर वेळी आत वळतो हे मी एकदा पूर्ण सामना बघून हेरलं, कोचला सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्याला उतरवलं.

दादा, सगळ्यांना उत्तरं देता, तुम्ही आयुष्यात एकतरी गोल मारलाय का?
– सहज

मारलाय. एकच, 87 व्या मिनिटाला, डोक्यानं, कीपरला हलायला पण वेळ मिळाला नाही. कीपर आमचाच होता. पण मी उतरताना आमच्या सेंटर बॅकचा शर्ट घातला होता, रेफरीनं नंबर बघून लिहिलं, आणि तो स्वयंगोल आजही त्याच्याच नावावर आहे. हाच तो कवळीवाला. भेटला तर ओळख देत नाही.