जंजिऱ्याची बोट सहल : पैसे भरण्यापूर्वी एवढे लेखी घ्या

वयस्कर आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन आपण ऐरोलीहून मार्गदर्शकासह जंजिऱ्याची बोट सहल करू इच्छिता, आयोजक पूर्ण रक्कम आगाऊ मागत आहेत आणि ‘हवामानामुळे बोट न सुटल्यास परतावा नाही’ असे पावतीवर छापलेले आहे, तेव्हा पैसे भरावेत का, असा आपला प्रश्न आहे. ते छापील वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ठाण्यातील एका सहल कार्यालयाने याच वाक्याचा आधार घेऊन आमच्या कुटुंबाला परतावा नाकारला होता. रस्ता, मुक्काम, जेवण यांची माहिती कुठेही मिळेल, त्यात शिरत नाही.

जंजिऱ्याच्या होड्या जिथून सुटतात त्या राजपुरीला आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र खवळलेला होता, बंदरावर धोक्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला होता आणि होड्या ओढून ठेवल्या होत्या. अशा दिवशी होडी न सोडणे हेच योग्य, त्याबद्दल नावाड्यांना दोष देता येणार नाही. संताप आला तो पुढे. कार्यालय म्हणाले की बोटीचे पैसे बोटवाल्यांकडे जमा आहेत, त्यांच्याकडून घ्या. जेट्टीवरच्या खिडकीत चौकशी केली तर कळले की तिकिटे तिथेच, त्याच दिवशी, प्रत्यक्ष आलेल्या माणसांना देतात आणि आमच्या नावाने कोणीही एक रुपया भरलेला नव्हता. म्हणजे जो खर्च झालाच नव्हता, तोच बुडाला असे आम्हाला सांगण्यात आले होते. बसचे भाडे त्यांनी ठेवून घेतले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. न झालेल्या जलप्रवासाचे आणि न भेटलेल्या मार्गदर्शकाचे पैसे ठेवून घेणे मात्र मला आजही सरळ अन्याय वाटतो. त्यानंतरच्या फेऱ्यांत साहेब जागेवर नाहीत, हिशोब मुख्य शाखेत आहे, अर्ज पुन्हा द्या, एवढेच ऐकायला मिळाले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : बस हवी असेल तर बसचे पैसे भरा, होडीचे तिकीट राजपुरीला स्वतः काढा. सगळेच आयोजक असे वागतात असे मी म्हणत नाही, चांगले अनुभव आलेली माणसेही मला ठाऊक आहेत. तरीही भरायचेच असतील तर बस, होडी आणि मार्गदर्शक यांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या, आणि होडी न सुटल्यास त्यातले काय परत मिळेल हे साध्या संदेशावर का होईना, लेखी मागा. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे.

‘मार्गदर्शकासह’ या शब्दाचा अर्थही विचारून घ्या. बहुतेक वेळा होडीवरचाच एखादा माणूस वाटेत आणि किल्ल्यात माहिती सांगतो, आणि किल्ल्यावर साधारण पाऊण तासच मिळतो. तेवढ्या वेळात दरवाजाजवळचे हत्तींना पकडलेल्या श्वापदाचे शिल्प, कलालबांगडी तोफ आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यातले गोड्या पाण्याचे तलाव नीट पाहून होतात, बाकीचे धावतपळत. समुद्राखालच्या भुयाराच्या कथा ऐकण्यात वेळ घालवण्यापेक्षा १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत पोहोचण्याचा जो प्रयत्न केला, त्याची दिशा तटावरून दाखवायला सांगा. समोर शिवाजी महाराजांनी बांधवलेला पद्मदुर्ग दिसतो, तोही मुलांना दाखवा. संभाजी महाराजांची ती मोहीम का अडली आणि जंजिऱ्याचा सत्ताधीश सिद्दी इतकी वर्षे का टिकला, हे त्या पाण्याकडे पाहताना जितके समजते तितके पुस्तकात समजत नाही.

आई-वडिलांसाठी खरी कसोटी प्रवासाची नसून उतरण्याची आहे. होडी दरवाजाच्या पायऱ्यांना लागते, पण स्थिर राहत नाही. लाटेबरोबर ती हातभर वर येते आणि लगेच खाली जाते, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. होडी वर आली की नावाडी हात धरून ‘आता’ म्हणतो, त्याच क्षणी पाय टाकायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. हातात पिशवी नसावी आणि पायात पट्ट्याची पादत्राणे असावीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी त्यातला जाणकार नाही. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, होड्या बंदच असतात, आणि शुक्रवारी दुपारीही काही वेळ बंद ठेवतात, तेव्हा तो वार टाळलेला बरा.

पैसे आधीच भरून झाले असतील तर पावती, जाहिरात आणि संदेश जपून ठेवा. परतावा अडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तिथे वकील असलाच पाहिजे असे नाही आणि तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची असते. मी वकील नाही, त्यामुळे आपल्या कागदपत्रांवर नेमका सल्ला जाणकाराकडूनच घ्यावा. आमची ती मुदत कार्यालयाच्या ‘पुढच्या आठवड्यात या’ मध्ये निघून गेली. आपल्याला कोणी तारखांवर तारखा देऊ लागले, तर दुसऱ्या तारखेची वाट न पाहता तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.